पोषणदूत बाईंचा डबा

अमरावती,
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप लीलाताईंना,
प्राजक्ताचा तुमच्या सासरच्या रीतीनं दंडवत प्रणाम.

तुम्ही, पुंजारामभाऊजी, सूनबाई आणि नातवंडं खुशाल असाल अशी आशा करते. भाऊजींचा खोकला गेला का? तुमच्या तेल्हाऱ्याकडे यंदा कापूस बरा आहे असं ऐकलं, ऐकून बरं वाटलं. इकडे आई ठणठणीत आहेत, तुमचा भाचा अमोल कॉलेजला जातो (निदान घरातून निघतो तरी), तुमचे भाऊ शाळेत सातवीला विज्ञान शिकवतात आणि घरी आल्यावर पेपर वाचतात. म्हणजे सगळं ठीक आहे. मी तेवढी ठीक नाही, पण तो पत्राचा पुढचा भाग आहे.

खरं तर फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन उचलला की नात आधी स्पीकरचं बटण दाबते, बाहेरच्या ओट्यावर बसलेली सगळी मंडळी ऐकतात, मधूनच कोणीतरी 'कोण व?' म्हणून विचारतं आणि माझी गोष्ट तिथंच राहते. शिवाय ही गोष्ट तुम्ही अर्धी ऐकलेली आहे. तुमच्या भावानं तुम्हाला सांगितलं, "काही नाही, जराशी चक्कर आली तिले." ती जराशी कशी आली ते सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी आठवडाभर आराम सांगितला आहे (आराम म्हणजे ऑफिसला न जाणं, घरात मी आहेच), आणि आज सगळे एका साखरपुड्याला गेलेत, म्हणून टेबलही मोकळं आहे.

तर झालं असं. आमची बियाण्यांची कंपनी तुम्हाला माहीतच आहे. बडनेरा रोडवर ऑफिस, मी तिथं डीलरांची बिलं बघते. गणपती उठले आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसातून ईमेल आला, की बसून काम करणाऱ्या माणसांचं खाणं बिघडलेलं आहे, त्यामुळे त्यांचं काम बिघडतं, तेव्हा प्रत्येक शाखेनं 'पोषण महिना' पाळावा, एक पोषणदूत नेमावा आणि शेवटी कार्यक्रम करून फोटो पाठवावेत. आमचे उत्तमराव साहेब सज्जन माणूस. खुर्चीत बसताना तिचे दोन्ही हात घट्ट धरून बसतात, जणू ती उठून जाईल. त्यांना वरिष्ठांची आणि उपाशी राहण्याची सारखीच भीती वाटते. त्यांनी ईमेल वाचला, चष्मा काढला, आणि सगळ्या खोलीवरून नजर फिरवून माझ्यावर आणून ठेवली. "मॅडम, हे तुमीच पाहा. बाईमाणसाले यातलं समजते." मी म्हटलं, साहेब, मी बिलं बघते. ते म्हणाले, "बिलं त होतच राह्यतात." (ती होत राहिली नाहीत. मीच करत राहिले.)

पहिला घाव चार वाजताच्या कचोरीवर पडला. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून रोज चार वाजता कचोरी आणि मिरचीभजे यायचे, आणि खोटं कशाला सांगू, दुपारी जेवल्यानंतर ऑफिसात जो काही जीव असायचा तो त्या चारच्या आशेवरच असायचा. ते बंद झालं. लगेच पुरुष मंडळींना चार वाजता बँकेत कामं निघू लागली. एक एक करून जायचे आणि ओठ पुसत परत यायचे. खुद्द साहेबांनाही दोन-तीनदा बँकेत जावं लागलं. मला फक्त एवढंच वाटायचं, की मलाही कोणीतरी बँकेत पाठवावं.

कचोरीच्या जागी काय, तर मोड आलेली मटकी. पार्बताबाई आमच्याकडे चहा करतात. त्यांना मी मटकीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी चहाचा ठेका घेतला व माय, मटकीचा नाई घेतला." बरोबरच होतं त्यांचं. माझ्याकडे असं कुठलंच बरोबर उत्तर नव्हतं, म्हणून मटकी माझ्या घरी भिजू लागली. ताई, सबंध ऑफिसला पुरेल एवढी मटकी भिजवायची, उपसायची, फडक्यात बांधायची, सकाळी कांदा-टमाटे-सांबार (पुण्याच्या भाषेत कोथिंबीर) चिरून कालवायची. त्याआधी घरचं वेगळं असतंच. आईंना मऊ खिचडी, तुमच्या भावाला तेल कमी (कोलेस्टेरॉल), अमोलला अंडी जास्त (तो जिमला जातो आणि आरशात दंड बघतो), आणि मग दोन डबे. आमच्या घरात चौघांचे चार आहार आहेत. म्हणजे तिघांचे तीन, आणि उरलेलं ते माझं.

मटकीचं पुढं काय झालं तेही सांगते. भादव्यातलं ऊन कसं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक दिवस डबा स्कूटीच्या डिकीत राहिला आणि स्कूटी उन्हात. अकरा वाजता आणून झाकण उघडलं तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा आवाज आला. मी लगेच म्हटलं, हे टाकून देऊ. पण तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल लागला. आहारतज्ज्ञ प्रतीक्षा मॅडम, पंचविशीतली पोर, गोड बोलणारी, पलीकडून म्हणाली, "सर, तुम्ही सुरुवात करा ना, म्हणजे बाकीच्यांना प्रोत्साहन मिळेल." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी पुण्याकडे पाहिलं आणि दोन चमचे खाल्ले. त्यांचं धैर्य मला मानावंच लागेल. उरलेला दिवस त्यांनी ऑफिसच्या मागच्या बाजूला घालवला, आणि दाराबाहेर बाकीचे जे हसले त्यातलं निम्मं मला ऐकू यावं असं हसले.

त्यानंतर डब्यांची तपासणी. पुण्याचा हुकूम असा, की पोषणदूतानं जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाचा डबा बघायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे. रंग किती, कच्चं किती, तेल किती, डाळ आहे की नाही. आता विचार करा, ताई. पुरुष मंडळींचे डबे, पण केलेले कोणी? मी मार्क देत होते देवरावांना आणि ते जाऊन लागत होते त्यांच्या बायकोला. देवराव आमच्या गोदामाचं बघतात, शांत माणूस. त्यांच्या डब्यात वांग्याची भाजी असायची, वर लालभडक तर्री, वास असा की मार्क देणारीच्या तोंडाला पाणी सुटावं. नियमाप्रमाणे तेलाचे चार मार्क कापले. संध्याकाळी भाजी निवडत असताना फोन वाजला.

"तुमीच का त्या मार्कवाल्या बाई?"

मी हो म्हटलं. पलीकडे चतुराबाई होत्या, देवरावांची बायको.

"भाकरी काय मी परीक्षेले बसवल्या होत्या का? सहा मार्क! आमच्या घरी पाव्हणे ताट चाटून पुसून उठतात अन् तुमी सहा मार्क देता?"

मी म्हटलं, बाई, मी नाही देत, पुण्याचा नियम आहे. त्या म्हणाल्या, "मंग पुण्यालेच डबा पाठवू का?" आणि फोन ठेवला. मला राग आला नाही. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. आपल्या हातच्या भाजीसाठी अनोळखी बाईला फोन लावून भांडावं, एवढं त्राण त्यांच्यात दिवसभराच्या कामानंतरही शिल्लक होतं.

आता यात एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलं नव्हतं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. अर्धा तास मी दुसऱ्यांच्या डब्यांत डोकावत असे, तोवर डीलरांचे फोन सुरू होत. माझा डबा तसाच बंद राहायचा. तो मी संध्याकाळी घरी परत आणायचे, आणि अन्न वाया कसं घालवायचं म्हणून ओट्याशी उभी राहून, एकीकडे कणीक मळत, दुसऱ्या हातानं (म्हणजे त्याच हातानं, धुऊन) खाऊन टाकायचे. मग रात्री सगळ्यांबरोबर भूक नसायची. सकाळी वेळ नसायचा. अशा रीतीनं पोषण महिना माझ्यापुरता नीट चालला होता.

महिन्याच्या शेवटी कार्यक्रम झाला. अकोल्याच्या शाखेचे मोठे साहेब येणार, पुण्याहून प्रतीक्षा मॅडम स्वतः येणार, डॉक्टरांचं पथक सगळ्यांचं रक्त तपासणार, आणि 'वऱ्हाडी पौष्टिक पदार्थ' म्हणून एक टेबल मांडायचं. टेबल कोणी मांडायचं हे विचारू नका. ज्वारीची आंबील, अंबाडीची भाजी, सांबारवडी (तळलेली नव्हे, वाफवलेली, म्हणजे दुप्पट खटपट), तिळाची चटणी. तुमचे भाऊ सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं काहून करून राहिली? सांगून टाक ना त्यायले, जमत नाही म्हणून." मी म्हटलं, तुम्ही सांबार निवडून देता का? ते म्हणाले, "शाळेले उशीर होते," आणि गेले. मनात काही वाईट नसतं हो त्यांच्या. ते फक्त गेलेले असतात.

रक्त सगळ्यांनी आल्या आल्या दिलं. मग स्वागत, हार, अकोल्याच्या साहेबांचं भाषण. आरोग्य म्हणजे काय हे त्यांनी इतक्या सविस्तर सांगितलं की ऐकताना दोघं-तिघं झोपले. मग माझं भाषण आलं. पाठीमागे फलक, फलकावर माझा फोटो, खाली 'आमच्या पोषणदूत'. मी कागद हातात धरला. अक्षरं थोडी हलत होती, मला वाटलं पंख्यानं कागद हलतोय. मी डाळीबद्दल बोलले, पालेभाज्यांबद्दल बोलले, आणि म्हटलं, "विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी लोहाकडे..." आणि तिथं मला सगळ्यांचे चेहरे एकदम दूर, अगदी बडनेरा स्टेशनापलीकडे गेल्यासारखे दिसले. पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, की मी आधार घ्यायला हात पुढं केला तो थेट आंबिलीच्या पातेल्यात गेला, पातेलं अकोल्याच्या साहेबांच्या बुटांवर गेलं, आणि मी सांबारवडीच्या बाजूला खाली. सांबारवडीला काही झालं नाही. ती नंतर सगळ्यांनी खाल्ली आणि छान झाली होती असं म्हणतात.

डोळे उघडले तेव्हा दोन बाकं जोडून त्यावर मला निजवलं होतं. एका हाताला आंबील, दुसऱ्या हाताला डॉक्टर. उत्तमराव साहेब वहीनं वारा घालत होते आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला होता. डॉक्टरांनी रक्ताचा आकडा पाहिला आणि परत पाहिला. हिमोग्लोबिन सात. साहेबांनी चाचरत विचारलं, "बाकीच्यायचं कसं आहे?" बाकीच्यांचं उत्तम होतं. देवरावांचं तर सगळ्यांत जास्त निघालं, तर्रीसकट. सबंध ऑफिसात धोक्याच्या रेषेखाली एकच माणूस होतं, आणि त्याचाच फोटो फलकावर होता.

सगळे एकदम बोलायला लागले. बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा, लोखंडी कढई वापरा. प्रतीक्षा मॅडम तेवढी माझ्या उशाशी खाली जमिनीवर बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आज सकाळपासून तुम्ही काय खाल्लंत?"

ताई, मी उत्तर शोधायला लागले. चहा. मग मीठ बघायला चमचाभर आंबील. मग मी काल काय खाल्लं ते आठवू लागले, आणि परवा. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारलाच नव्हता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दिवसातून दहादा विचारते, तुम्ही जेवलात का, आईंनी औषध घेतलं का, अमोलनं डबा खाल्ला का. ती पोर माझ्या उत्तराची वाट बघत होती आणि मला रडू फुटलं. इतक्या लोकांसमोर, आंबिलीच्या हातानं. अकोल्याचे साहेब बूट पुसता पुसता थांबले. शेवटी काहीतरी करायला पाहिजे म्हणून उत्तमराव साहेबांनी मला निजल्या जागीच 'उत्कृष्ट पोषणदूत' हे प्रमाणपत्र दिलं. त्याचा फोटोही काढला. पुण्याला पाठवताना बाकं कापली म्हणे, त्यामुळे फोटोत मी भिंतीला चिकटल्यासारखी दिसते.

मग दवाखाना, आणि मग घर. तुमचे भाऊ शाळेतून धावत दवाखान्यात आले, आणि मला बघून त्यांचे डोळे भरले, हे मात्र मी खरं सांगेन. त्यांनी मला रिक्षातून घरी आणलं, वाटेत थांबून डाळिंबं घेतली, बीट घेतलं, खजूर घेतला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "घे, याचा रस काढून पी." मी पिशवीकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं, आणि आडवी झाले. थोड्या वेळानं ते आले आणि म्हणाले, "तू उठू नको, आराम कर." आणि जाता जाता, "चहा ठेवशील का, का मीच ठेवू?" ते सातवीच्या पोरांना लोहाची कमतरता, तिची लक्षणं आणि उपाय हा धडा शिकवतात. यंदाही शिकवला.

त्यांच्यावर त्या दिवशी आईच चिडल्या. खाटेवरून ओरडल्या, "गोपाल, तुले दिसत नाही का रे? ते पोरगी उभ्यानं जेवते. रोज. मी पाहून राहिली." तुमचे भाऊ म्हणाले, "मंग आई, तू बोलली काहून नाही?" आई खाटेवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "मी बी जनमभर तशीच जेवली. मले वाटलं, असंच राह्यते." अमोलनं कानातली गाण्याची यंत्रं काढली आणि तो भांडी घासायला गेला. (दोन कप फोडले. पण गेला.)

तेव्हापासून सुधारणा आहे, नाही म्हणू नये. तुमचे भाऊ आता खिचडी करतात. पहिल्या दिवशीची वाटी उलटी केली तरी पडत नव्हती. आईंनी तिचा लाडूसारखा घास मोडून खाल्ला आणि छान आहे म्हटलं. पण खिचडी करताना ते मला हाका मारतात. मीठ कुठं, हळद किती, कुकरची शिट्टी झाली की नाही तू मोजली का. अमोल बीट कापतो आणि मग भिंत मला पुसावी लागते. भेटायला माणसं येतात, आणि आली की चहा. परवा चतुराबाईंचाही फोन आला. मी घाबरतच उचलला. त्या म्हणाल्या, "बाई, आता तुमाले किती मार्क देऊ?" मी म्हटलं, द्या तुम्हाला वाटतील तेवढे. त्या म्हणाल्या, "सात. तुमच्या रक्ताएवढे," आणि इतक्या मोकळ्या हसल्या की मीही हसले. नंतर बराच वेळ बोललो. बाई चांगल्या आहेत. ऑफिसात म्हणे पुढच्या महिन्यापासून जेवणाची सुट्टी पाऊण तासाची होणार आणि मटकी बंद. साहेबांनी तसा ईमेल लिहिला आहे. पुण्याकडून उत्तर आलेलं नाही.

तर असं आहे सगळं. काळजी करण्यासारखं काही नाही. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणतात महिना-दोन महिन्यांत रक्त भरेल, फक्त वेळेवर जेवायचं आणि मनावर काही घ्यायचं नाही. मी काही मनावर घेत नाही, तुम्ही पण घेऊ नका. भाऊजींना नमस्कार, सूनबाईंना आणि नातवंडांना आशीर्वाद. तुम्हाला सगळ्यांकडून पुन्हा एकदा वाकून दंडवत.

तुमची भावजय,
प्राजक्ता

ता. क. सांबारवडीची कृती सूनबाईंनी मागितली होती. वाफवलेलीच्या नादी लागू नका म्हणावं. तळा.

ता. क. दुसरा. वर काळजी करू नका असं लिहिलं, ते रीत म्हणून लिहिलं. खरं काम हे आहे. तुम्ही तुमच्या भावाला फोन करा आणि सांगा, की तुमची कंबर धरली आहे, उठता-बसता येत नाही, त्यात कापूस वेचणाऱ्या बायांचा स्वयंपाक आहे, तेव्हा प्राजक्ताला चार दिवस मदतीला पाठव. मी आरामाला चालले म्हटलं तर घरात दहा प्रश्न निघतील. आम्ही तुला इथं आराम देत नाही का, इथपर्यंत. कामाला चालले म्हटलं तर सगळे स्टँडवर सोडायला येतील. आणि मी आले की मला काही करू देऊ नका. मला नुसतं पाटावर बसायचं आहे. तुम्ही तव्यावरची भाकर काढायची आणि माझ्या ताटात टाकायची, आणि ती संपायच्या आत 'आणखी घे व' म्हणायचं. नणंद माहेरी येते आणि भावजय वाढते, ही रीत मला ठाऊक आहे, लग्न झाल्यापासून मी ती पाळते आहे. एकदा उलटी करून बघू. कोणाला सांगायची गरज नाही.

ता. क. तिसरा. तुमची कंबर खरंच दुखत असेल तर तसं स्पष्ट कळवा, लाजू नका. मग मी येत नाही. अंजनगावला माझी मावशी आहे, तिची अजून शाबूत आहे.